मोटारीच्या तोंडी मासा जाऊ नये म्हणून

वाचकहो, तुषार सिंचनाचे नोझल अडकले म्हणजे आपण काय करतो? बारीक तार घेतो, भोकातला खडा काढतो, एक फुंकर मारतो आणि नोझल पुन्हा बसवतो. २०१७ सालची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती आणि कांद्याच्या रानात मी हेच करीत होते. त्या दिवशी मात्र तारेला खडा लागला नाही. नखाएवढे चकचकीत खवले लागले, आणि मागून माशाच्या शेपटीचा तुकडा आला. पुढचे नोझल उघडले, त्यातही तेच. तिसऱ्यातही तेच. मी हात तसेच धरून बांधावर बसले. आमच्या शेततळ्यात सोडलेले मासे आमच्याच मोटारीने चिरडून आमच्याच कांद्यावर शिंपडले होते.

ज्यांच्या शेततळ्यात मासे आहेत, किंवा यंदा सोडावेत असे ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. मी काही पंपाची मिस्त्री नव्हे. पण आमच्या चुकांचे पैसे आम्ही भरले आहेत. त्या तुम्ही पुन्हा विकत घेऊ नयेत, एवढाच हेतू.

आधी आमचे ठिकाण सांगते. बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढून वर आले आणि पाटोद्याच्या रस्त्याला लागले की लिंबागणेश येते. भालचंद्र गणपतीचे देऊळ आहे म्हणून बाहेरची माणसे गावाला ओळखतात. आम्ही मात्र गाव ओळखतो ते बालाघाटाच्या मुरमाड माळावरून. चार बोटे माती, खाली मुरूम, त्याखाली काळा दगड. पाऊस झाला की पाणी डोळ्यांदेखत उताराने निघून जाते. सीताफळ तेवढे या माळाला मानवते, आणि बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. पण पहिली दोन-तीन वर्षे रोपे जगवायला पाणी लागते, आणि घरखर्चाला कांदा लागतो.

२०१६ साली राज्यात 'मागेल त्याला शेततळे' ही योजना सुरू झाली आणि आमच्या घरानेही मागितले. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल. बाजू उताराच्या असल्याने अशा तळ्यात सुमारे बावीस लाख लिटर पाणी मावते. मुरमात पाणी थांबणार नाही म्हणून कर्ज काढून तळाला प्लॅस्टिकचा कागद अंथरला, आणि पुढच्या पावसाळ्यात विहीर भरली की तिचे पाणी उपसून तळे भरले. एवढे पाणी नुसते उघड्यावर उभे राहणार, तर त्यात मासे का सोडू नयेत, असे आमच्या ह्यांनी मनात घेतले. पितृपक्षाच्या आसपास आठशे बोटुकली आणली. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. जोडीला थोडा सायप्रिनस. एकाच पाण्यात वेगवेगळ्या थरांत जेवतात, म्हणून ही पंगत बसवतात.

घरात अडचण होती ती सासूबाईंची. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. गळ्यात तुळशीची माळ, आषाढीची वारी. मासे आणलेले पाहून त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. मग एवढेच म्हणाल्या, "पिकवून विकणं तुमचा धंदा हाय, त्यात मी पडत नाही. माझ्या चुलीवर येऊ देऊ नका, आणि इनाकारण जीव घेऊ नका, म्हंजी झालं."

आणि दोन महिन्यांत मी पदरात खवले घेऊन घरी आले.

त्यांनी ते पाहिले. मग म्हणाल्या, "आमच्या मोटंत मासा आला तर जित्ता यायचा. थारोळ्यात फडफडायचा. पोरं उचलून पुन्हा हिरीत सोडायची. तुमची मोटार त्याची चटणी करायली."

त्यात काही खोटे नव्हते. मोट म्हणजे चामड्याची मोठी थैली. ती पाण्यात बुडायची, भरायची आणि बैलांच्या ओढीने वर यायची. तिच्यात मासा येवो, बेडूक येवो, त्याला कोणी कापत नव्हते. बीडजवळची सोळाव्या शतकातली खजाना विहीर तर याहूनही सोपी. तिचे पाणी जमिनीखालच्या चरातून नुसत्या उताराने शेतापर्यंत चालत जाते. ओढणे नाही की उपसणे नाही. मोटारीचे तसे नाही. तिच्या पोटात लोखंडी पंखा मिनिटाला दोन-अडीच हजारांहून जास्त फेरे घेतो. पाण्याबरोबर जे आत गेले ते त्या पंख्यातून जाणार.

आता पाणी आत जाते कुठून? पाइपाच्या पाण्यातल्या टोकाला फुटव्हॉल्व्ह असतो. आमच्याकडे त्याला सगळे सरळ 'फुटबॉल' म्हणतात. त्याला खाली चाळणी असते, पण ती काडीकचरा अडवण्यासाठी. तिची भोके करंगळी जाईल एवढी. दोन इंची पोर त्यातून सहज जाते. म्हणून पहिला उपाय कोणालाही सुचेल तोच आम्हाला सुचला. जुन्या मच्छरदाणीचा तुकडा घेतला, फुटबॉलला दोन पदरी गुंडाळला आणि सुतळीने आवळून बांधला. मासा तर काय, डासही आत जाणार नाही.

पहिले दोन दिवस छान गेले. तिसऱ्या दिवशी पाणी कमी पडू लागले. चौथ्या दिवशी पंपाने पाणी सोडले. फुटबॉल वर काढला तर मच्छरदाणीवर शेवाळाचा साबणासारखा थर बसलेला, आणि त्या थराला सात-आठ लहान मासे चिकटून मेलेले. आत गेले नाहीत, पण जाळीला ओढून धरले गेले आणि तिथेच गुदमरले. म्हणजे चटणी व्हायची थांबली, मरण थांबले नाही.

त्यापुढे रोजचा एक उद्योग सुरू झाला. मोटार चालू करायची, तासाभराने पाणी कमी झाले की बंद करायची, तळ्यात उतरून जाळी चोळायची, पंपात पाणी भरायचे, पुन्हा चालू करायची. ज्यांच्याकडे कागद अंथरलेले तळे आहे त्यांना 'तळ्यात उतरायचे' या दोन शब्दांचा अर्थ ठाऊक आहे. ओला, शेवाळलेला प्लॅस्टिकचा उतार काचेहून गुळगुळीत असतो. त्यावर पाय ठरत नाही आणि हाताला धरायला काही नसते. पोहता येणारा माणूसही काठाला येऊन पुन्हा पुन्हा खाली घसरतो आणि दमून बुडतो. खेड्यापाड्यांत शेततळ्यांनी घेतलेली लेकरे आणि धरती माणसे आपण सर्वांनी ऐकली आहेत.

२०१८ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. शेतीची लाईट त्या आठवड्यात रात्रीची होती. दोन वाजता पाणी थांबले. हे मोटार बंद करून उतरले, मी काठावर बॅटरी धरून उभी. जाळी चोळून वळले आणि पाय सरकला. पाणी छातीच्या वर होते. वर येण्यासाठी हात टाकीत होते आणि हात तसाच खाली सरकत होता. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा डोके खाली गेले. कुंपणाच्या लोखंडी अँगलला बैलाचा कासरा अडकवलेला होता. त्याचे एक टोक अँगलला बांधलेलेच होते, म्हणून बरे. दुसरे टोक मी फेकले. ते त्यांच्या हाताला लागले. एवढीच गोष्ट. पाच मिनिटांचीही नसेल. पण त्या रात्री आम्ही दोघे पाणी न देताच घरी आलो आणि सकाळपर्यंत कोणी झोपले नाही.

आत्याबाईंना सकाळी कळले. त्या म्हणाल्या, "माशापायी माणूस घालवायचा हाय का? एक तर मासे काढा, न्हाईतर मोटार नीट करा." ह्यांनी मासे काढून टाकायचे ठरवलेही होते. कर्ज मात्र तसेच उभे होते, आणि मासे विकून एक हप्ता जायचा हा आमचा हिशेब होता.

वाचकहो, वाट सापडली ती पाण्याच्या हंड्यापाशी. त्या उन्हाळ्यात पिण्याचे पाणी गढूळ येत होते. मी हंड्याच्या तोंडाला फडके ताणून, ढोलासारखे आवळून बांधले होते आणि वरून पाणी ओतत होते. पाणी फडक्यावर साचायचे आणि काठावरून सांडायचे. आत्याबाई पाहत होत्या. आल्या, सुतळी सोडली, फडके हंड्यात वीतभर खाली लोंबेल असे सैल केले आणि पुन्हा बांधले. "फडक्याला पोट दे," म्हणाल्या, "ताणलेलं फडकं पाणी पीत नस्तं." आता तेच फडके, तीच वीण, पण पाणी सरसर आत जाऊ लागले.

ही शिकवण त्यांना नारूने दिली होती. आजच्या मुलांना नारू माहीत नाही, तेच बरे. पायऱ्यांच्या विहिरीतले पाणी न गाळता प्यायले की त्यातल्या बारीक कीटकांतून नारूचे जंतू पोटात जात आणि वर्षभराने पायातून हातभर लांब दोऱ्यासारखी अळी बाहेर येई. त्यावर ना लस होती ना औषध. पाणी कापडाने गाळून प्यायचे, रोग्याचा पाय पिण्याच्या पाण्यात पडू द्यायचा नाही आणि पायऱ्यांच्या विहिरी बंद करायच्या, एवढ्यावर देशातून नारू हटला. जागतिक आरोग्य संघटनेने २००० साली भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले. त्या काळी घरोघरी बायकांनी फडकी बांधली. बांधता बांधता जे हाताला कळले ते आत्याबाईंच्या हातात राहिले होते.

मी त्या फडक्याकडे पाहत राहिले. आम्ही फुटबॉलला ढोलासारखी जाळी आवळली होती. आमची चूक जाळी बारीक की जाड यात नव्हती. जाळी लहान होती. तिला पोट नव्हते.

आमचा पुतण्या बीडला पॉलिटेक्निकला शिकत होता. शनिवारी आला तेव्हा त्याच्यापुढे हे मांडले. त्याने हिशेब करून दिला, तो इथे देते. गुणाकार-भागाकारापलीकडे त्यात काही नाही.

आमची मोटार तीन अश्वशक्तीची. ती सेकंदाला साधारण पाच लिटर, म्हणजे पाच हजार घन सेंटिमीटर पाणी ओढते. पाइप अडीच इंची, म्हणजे त्याचे तोंड सुमारे बत्तीस चौरस सेंटिमीटरचे. पाच हजाराला बत्तिसाने भागा. पाइपात पाणी सेकंदाला दीड मीटर वेगाने धावते. फुटबॉलच्या चाळणीची सगळी भोके मिळून पाइपाच्या तिप्पट धरली, तरी भोकाशी ओढ सेकंदाला अर्धा मीटर. दोन इंची पोराने या ओढीविरुद्ध किती वेळ पोहावे? दोन-चार क्षण. त्यात वर आम्ही मच्छरदाणी आवळली, म्हणजे भोके आणखी बुजवली आणि उरलेल्या भोकांतली ओढ वाढवली. मासे जाळीला का चिकटले ते आता कळले.

याउलट जाळी मोठी केली तर? तेवढेच पाणी जास्त भोकांतून विभागून येईल आणि प्रत्येक भोकाशी ओढ कमी होईल. पुतण्याने मोबाईलवर शोधून आणखी एक गोष्ट वाचून दाखवली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या नद्यांत साल्मन नावाचा मासा आहे. त्याची पोरे शेतीच्या पंपात जाऊ नयेत म्हणून तिथे सरकारी नियम आहेत. जाळी आपोआप साफ होणारी नसेल, तर जाळीसमोर पाण्याची ओढ सेकंदाला सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, आणि पोरे अगदी लहान असतील तर गोल भोक अडीच मिलिमीटरच्याही आत हवे. भोकाच्या मापाबरोबर ओढीचेही माप त्यांनी नियमात घातले आहे, हे ऐकून मला बरे वाटले. आत्याबाईंच्या हंड्यावर तेच चालले होते.

मग आम्ही जे केले ते असे.

दोनशे लिटरचा निळा प्लॅस्टिकचा ड्रम घेतला. त्यात पूर्वी औषध किंवा रसायन भरलेले नव्हते याची खात्री करून घेतली. हे विसरू नका, नाहीतर मासे जाळीने नाही तर विषाने मरतील. ड्रमचा घेर सहा फुटांच्या आसपास असतो. त्यात चार खिडक्या कापल्या, प्रत्येक एक फूट रुंद आणि दोन फूट उंच. मधे अर्ध्या-अर्ध्या फुटाचे खांब राहिले. खिडक्यांच्या आतून कोंबड्यांच्या खुराड्याची ताठ प्लॅस्टिकची जाळी लावली, म्हणजे ओढीने बाहेरची जाळी आत दबणार नाही. बाहेरून पाच मिलिमीटर भोकांची नायलॉनची जाळी सगळ्या ड्रमला गुंडाळली आणि नायलॉनच्या दोरीने शिवली. सुतळी पाण्यात कुजते.

आता हिशेब पाहा. चार खिडक्या मिळून आठ चौरस फूट, म्हणजे सुमारे सात हजार चारशे चौरस सेंटिमीटर. त्यातली निम्मी जागा जाळीच्या धाग्यांनी खाल्ली असे धरले तरी सदतीसशे उरतात. पाच हजाराला सदतीसशेने भागले तर ओढ सेकंदाला दीड सेंटिमीटरही भरत नाही. पूर्वी पन्नास होती. निम्मी जाळी शेवाळाने बुजली तरी ओढ तीनच्या आत. ड्रमजवळ मासा आला तर त्याला कळतसुद्धा नाही की इथून पाणी चालले आहे. जाळीवरचे शेवाळ ओरबाडून खातो आणि पुढे जातो.

फुटबॉल ड्रमच्या बरोबर मधोमध टांगला. तो एका बाजूला टेकला तर त्याच बाजूच्या खिडकीतून सगळी ओढ होते आणि बाकीच्या तीन खिडक्या नावालाच राहतात. ड्रमला वरून झाकण घट्ट लावले आणि पाइपाभोवतीची फट रबराने बंद केली. लहान मासा फट शोधून काढतो. तळाशी दगड बांधला, वर वीस-वीस लिटरचे दोन रिकामे, बुचबंद कॅन तरंगायला बांधले, म्हणजे ड्रम पाण्याखाली अर्धा फूट राहून उभा तरंगतो. फुटबॉल पाण्याखाली निदान दोन फूट असावा. त्यापेक्षा वर आला तर भोवरा पडून पंप हवा धरतो. पाइप शेवटी लवचिक ठेवला आहे, म्हणजे पाणी उतरेल तसा ड्रमही उतरतो. तळाचा गाळ ओढला जात नाही आणि मृगळाचे चरणेही मोडत नाही.

आणि सर्वांत मुख्य गोष्ट: ड्रमला दोरी बांधून ती काठावरच्या कप्पीवरून घेतली. जाळी धुवायची झाली की मोटार बंद करायची आणि काठावर उभे राहून ड्रम ओढून आणायचा. ब्रशने चोळायचा, पुन्हा सोडायचा. तळ्यात कोणी उतरत नाही. पूर्वी तासातासाला जे करावे लागे ते आता आठवड्यातून एकदा होते. उन्हाळ्यात शेवाळ वाढले की दोनदा.

काही वाचक म्हणतील, पाच मिलिमीटरच्या जाळीतून घाण तर आत जाणारच, ठिबकचे काय? हा प्रश्न रास्त आहे, आणि आमची दुसरी चूक इथेच होती. एकाच जाळीकडून आम्ही दोन कामे मागत होतो. मासा अडवणे हे पंपाच्या ओढीच्या बाजूचे काम. बारीक घाण गाळणे हे पंपाच्या पुढचे, दाबाच्या बाजूचे. पंप पाणी ढकलू शकतो पुष्कळ, पण ओढू शकतो थोडे. हवेच्या दाबावर पाणी जास्तीत जास्त दहा मीटर वर चढते, आणि व्यवहारात सहा-सात मीटरपलीकडे पंपाचा जीव जातो. त्या बाजूला बारीक फडके बांधणे म्हणजे तहानलेल्याच्या नाकावर रुमाल दाबणे. म्हणून ओढीकडे मोठी, मोकळी जाळी. दाबाकडे आधी वाळूची गाळणी, ती शेवाळ धरते, आणि तिच्या पुढे एकशेवीस मेशची जाळीची गाळणी. दोन्हीकडे दाबाची घड्याळे लावून घ्या. दोन्हींतला फरक वाढला की वाळू उलट्या पाण्याने धुवा. हे धुतलेले पाणी तळ्यात सोडू नका, झाडाला सोडा.

सगळे एका फटक्यात जमले असे सांगितले तर ती थाप होईल. कटला, रोहू, मृगळ हे नदीचे मासे, साचलेल्या पाण्यात अंडी घालीत नाहीत. १९५७ साली १० जुलैला ओरिसात हिरालाल चौधरी यांनी इंजेक्शन देऊन त्यांचे प्रजनन यशस्वी केले, तेव्हापासून आपल्याला हुकमी बीज मिळू लागले. तो दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. पण सायप्रिनसचे तसे नाही. तो तळ्यातच, शेवाळावर आणि गवतावर अंडी चिकटवतो. एकदा मार्चमध्ये वाळूच्या गाळणीत धाग्याएवढी पोरे सापडली. तेव्हापासून त्या दिवसांत ड्रमला वरून दोन मिलिमीटरची आणखी एक जाळी चढवतो आणि महिना-दोन महिन्यांनी काढतो. जाळी मोठी असल्यानेच हे परवडते. दुसरे असे की आता बीज दोन इंची घेत नाही. तीन-चार इंची घेतो. मिळाले नाही तर लहान बीज आधी तळ्यातच जाळीच्या हाप्यात महिना-दीड महिना वाढवतो आणि मग मोकळे सोडतो. बीज महाग पडते, पण मेलेल्या स्वस्त बीजापेक्षा स्वस्तच. पहिल्या वर्षी आठशेतले तीनशेही हाती लागले नव्हते. त्यानंतरच्या खेपेला साडेपाचशेच्या वर निघाले.

हे सगळे फक्त शेततळ्यालाच लागू आहे असे नाही. माझी धाकटी बहीण पुण्याला असते. तिच्या अंगणात बाथटबाएवढा हौद आहे, त्यात कमळ आणि सोनेरी मासे, आणि हातात मावेल एवढा बुडता पंप. तिच्याही माशांच्या शेपट्या पंपाला चिकटत. तिला सांगितले, पंप एका भोकाभोकांच्या बादलीत ठेव, बादली मोठ्या टोपलीत ठेव, आणि मधल्या जागेत सुपारीएवढी खडी भर. ओढ विभागली गेली आणि वर एक फायदा झाला. माशांच्या विष्ठेतून पाण्यात अमोनिया साठतो, तो त्यांना विष. खडीवर वाढणारे जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि नायट्रेट हे कमळाचे खत. फक्त ती खडी नळाच्या पाण्याने खसाखसा धुवायची नाही, क्लोरीनने जीवाणू मरतात. हौदातलेच पाणी बादलीत घेऊन हलके खंगाळायची. आमच्या तळ्यात पाणी इतके आहे की खडीची गरज पडत नाही. तेच खत कांद्याला आणि सीताफळाला आपोआप जाते.

२०१८ चा पावसाळा आमच्याकडे कोरडा गेला. दिवाळीच्या आत सरकारने दुष्काळ जाहीर केला. तळे अर्धेही भरले नव्हते. जानेवारीत एका सकाळी ड्रम तळाला टेकून कलंडला. पुढे मोटार चालवायची म्हणजे माशांच्या अंगावरचे पाणी ओढायचे. चालवायची नाही म्हणजे सीताफळाची रोपे वाळणार. त्या दिवशी आम्ही मासेवाल्याला बोलावले, जाळे टाकले आणि असतील तेवढे मासे विकले. आत्याबाई काठावर बसून होत्या. बाहत्तरच्या दुष्काळात त्यांनी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडलेली, त्यांना पाण्याचा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. मासेवाला गेल्यावर त्यांनी विचारले, "समदे तोलून दिले का?" हे म्हणाले, "समदे. एक बी मोटारीत गेला न्हाई." त्या उठल्या आणि घरी गेल्या. त्या वर्षीचा कर्जाचा हप्ता त्या पैशात गेला आणि उरलेल्या पाण्यावर रोपे जूनपर्यंत तगली.

वाचकहो, जाळी तुमच्या सवडीने करा. पण दोन गोष्टी याच आठवड्यात करा. तळ्याच्या चारही कोपऱ्यांवरून गाठी मारलेला जाड दोर पाण्यापर्यंत सोडून ठेवा, आणि वरचे टोक पक्के बांधा. जुने टायर दोराने जोडून उतारावर सोडले तर आणखी चांगले. एक फुगवलेली ट्यूब काठावर टांगा. आणि फुटबॉलला हात लावायचा झाला तर नुसते स्टार्टरचे बटण दाबून भागवू नका. फ्यूज काढा आणि खिशात घाला, म्हणजे घरातले दुसरे कोणी नकळत मोटार सुरू करणार नाही.

आमच्या कुंपणाच्या अँगलला तो कासरा अजून बांधलेला आहे. बैल विकले, तरी तो सोडलेला नाही. कोणी लिंबागणेशला भालचंद्राच्या दर्शनाला आलात तर ड्रम पाहायला जरूर या. चहा आत्याबाई करतील, आणि हंड्याला फडके कसे बांधायचे तेही दाखवतील.